आतड्याचा शेजारी

काशी म्हटली की मराठी मनापुढे प्रथम उभे राहतात ते घाट, पंडितांच्या सभा आणि देवघरात जपून ठेवलेला गंगेच्या पाण्याचा गडू. शिवराज्याभिषेकामुळे घरोघर ठाऊक झालेले गागाभट्ट काशीचे. पंचगंगा, ब्रह्मा, दुर्गा या घाटांच्या आसपास पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घराणीही काशीचीच. धर्मशास्त्राची आणि व्याकरणाची ही काशी आपल्या ओळखीची आहे. परंतु याच नगरीच्या नावाशी आणखी एक विद्या जोडली गेलेली आहे, तिची आठवण आपण क्वचित काढतो. ती विद्या म्हणजे शस्त्राने शरीर उघडण्याची.

सुश्रुतसंहितेचा आरंभ असा आहे. काशीचा राजा दिवोदास, जो धन्वंतरीचा अवतार मानला गेला, तो वानप्रस्थाश्रमात असताना औपधेनव, वैतरण, औरभ्र, पौष्कलावत, करवीर्य, गोपुररक्षित, सुश्रुत आदी शिष्य त्याच्याकडे येतात आणि लोकांची दुःखे पाहून मन व्याकुळ होते, आम्हांला आयुर्वेद शिकवा, अशी विनंती करतात. कोणते अंग शिकावयाचे असे राजा विचारतो तेव्हा ते शल्यतंत्राची निवड करतात, आणि सर्वांच्या वतीने प्रश्न विचारण्यासाठी सुश्रुताला पुढे करतात. ही कथा ऐतिहासिक प्रसंगाचे जसेच्या तसे वर्णन आहे असे मानण्याचे कारण नाही. परंपरा या ग्रंथाला इसवी सनापूर्वी सहाशे वर्षे मागे नेते. आधुनिक संशोधक त्यात अनेक शतकांचे थर पाहतात. तथापि काशिराज आणि सुश्रुत ही जोडी प्राचीन आहे, याला स्वतंत्र आधार मिळतो. १८९० मध्ये मध्य आशियातील कुचा येथे बॉवर नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या हाती जी भूर्जपत्रांची पोथी लागली, तिच्या आरंभीच्या भागातही सुश्रुत काशिराजाकडे शंका घेऊन जातो. काशीपासून इतक्या दूर, वाळवंटाच्या काठी, हा गुरुशिष्यसंबंध लोकांना माहीत होता.

या ग्रंथात १२० अध्याय आणि त्यांना जोडलेले उत्तरतंत्राचे ६६ अध्याय आहेत. त्यांपैकी नाक नव्याने बसविण्याची कृती फार गाजली. १७९३ च्या सुमारास पुण्यात कावसजी नावाच्या गाडीवानावर तशी शस्त्रक्रिया झाली, तिचे वर्णन १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात छापून आले आणि युरोपीय शस्त्रवैद्यांनी ती विद्या उचलली. नाकाच्या या कीर्तीमुळे पोटाचे अध्याय मागे पडले. वास्तविक शस्त्रवैद्याच्या बुद्धीची कसोटी नाकापेक्षा पोटात अधिक लागते. कारण पोटात एका अवयवावर शस्त्र चालविताना शेजारचा अवयव दिसत नाही. आतडे आणि मूत्रमार्ग हे असेच दोन शेजारी आहेत.

आजच्या कोणत्याही रुग्णालयात आतड्याची मोठी शस्त्रक्रिया झालेल्या रोग्याच्या खाटेशी एक पिशवी टांगलेली दिसते. नळीने मूत्राशयातील लघवी तीत उतरते आणि परिचारिका तिची नोंद तासातासाला करते. नातेवाइकांचे लक्ष टाक्यांकडे असते. शस्त्रवैद्याचे लक्ष त्या पिशवीकडे असते. सहा तासांपर्यंत शरीराच्या प्रत्येक किलोमागे ताशी अर्ध्या मिलिलिटरहून कमी, म्हणजे साठ किलो वजनाच्या माणसाला ताशी तीस मिलिलिटरहूनही कमी लघवी होत असेल, तर मूत्रपिंडे संकटात आहेत असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. संकटाची कारणे अनेक. रक्त आणि द्रव कमी पडल्याने मूत्रपिंडांकडे जाणारा प्रवाह आटतो. आतड्याचा टाका सुटून पोटात विष पसरले तर त्याचा पहिला घाव पुष्कळदा मूत्रपिंडांवर पडतो. श्रोणिभागात गुदाशय सोडविताना त्याच्या बाजूने उतरणारी, पेन्सिलीहूनही बारीक असलेली मूत्रवाहिनी कापली जाऊ शकते. मूत्राशयाला आकुंचनाची आज्ञा देणारे मज्जातंतू दुखावले तर लघवी तयार होते, पण तुंबून राहते. म्हणून खाटेशी उभा असलेला वैद्य प्रथम एकच प्रश्न विचारतो : लघवी अडली आहे, की बनतच नाही?

काशीच्या परंपरेला या शेजाराची कितपत जाणीव होती, हे पाहण्याजोगे आहे. उत्तर सरळ नाही.

निदानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात बस्तीचे, म्हणजे मूत्राशयाचे, स्थान सांगितले आहे. नाभी, पाठ, कंबर, वृषण, गुद, जांघा आणि शिश्न यांच्या मध्ये, पातळ कातडीचा, एकाच दाराचा, तोंड खाली केलेला, भोपळ्यासारख्या आकाराचा हा अवयव आहे. गुदाशी त्याचा असलेला निकट संबंध तेथे स्पष्ट नोंदविलेला आहे. हे वर्णन हाताने चाचपून पाहिलेल्या माणसाचे आहे यात शंका नाही. पण त्याच अध्यायात लघवी बस्तीत कोठून येते याचे उत्तर दिले आहे, आणि ते चुकले आहे. पक्वाशयातून, म्हणजे मोठ्या आतड्याच्या भागातून, असंख्य सूक्ष्म नाड्या मूत्र वाहून आणतात. नद्यांनी समुद्र भरावा तशी त्यांनी बस्ती भरते. नवा कोरा घडा गळ्यापर्यंत पाण्यात बुडवून ठेवला की सर्व बाजूंनी पाझरून भरतो, त्याप्रमाणे. उपमा सुंदर आहे. मूत्रपिंडे मात्र या चित्रात नाहीत. वृक्क हे नाव ग्रंथाला ठाऊक आहे, ती जोडी रक्त व मेद यांच्या सारापासून बनते असेही तो सांगतो. परंतु लघवीशी तिचा संबंध तो जोडत नाही.

असे का झाले असावे? शारीरस्थानाच्या पाचव्या अध्यायात शवाचे परीक्षण कसे करावे हे सांगितले आहे. सर्व अवयव शाबूत असलेले, विषाने न मेलेले, दीर्घ रोगाने न झिजलेले, शंभर वर्षांचे न झालेले शरीर घ्यावे. त्याच्या आतड्यांतील मळ काढून टाकावा. मुंज, दर्भ अशा गवताने ते गुंडाळून पिंजऱ्यात ठेवावे आणि वाहत्या पाण्यात एकांत जागी कुजू द्यावे. सात रात्रींनंतर ते बाहेर काढून वाळा, केस, वेळू यांच्या कुंचल्याने हळूहळू खरवडीत त्वचेपासून आतपर्यंत एकेक थर डोळ्यांनी पाहावा. हा प्रवाह गंगेचा असावा असे काशीच्या अभिमान्यास वाटणे स्वाभाविक आहे, पण ग्रंथात नदीचे नाव नाही. शस्त्राऐवजी कुंचला वापरण्याची ही पद्धत हाडे, स्नायू, सांधे आणि शिरा पाहण्यास उपयोगी. सात दिवस पाण्यात राहिलेल्या शरीरात मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत उतरणारी नाजूक नळी ओळखू येणे मात्र कठीणच. म्हणजे ज्या रीतीने ज्ञान मिळविले त्या रीतीनेच त्या ज्ञानाची सीमा ठरविली, असे अनुमान करता येते. ग्रीक वैद्य गॅलेन याने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात जिवंत प्राण्यांच्या मूत्रवाहिन्या दोऱ्याने बांधून पाहिल्या. दोरा बांधताच मूत्राशय रिकामा राहिला आणि दोऱ्याच्या वरची नळी फुगली. काशीच्या परंपरेने हा प्रयोग केला नाही. आपल्या पूर्वजांना सर्व ठाऊक होते असे म्हणणाऱ्यांनी हा अध्याय अवश्य वाचावा. आणि त्यांना काहीच ठाऊक नव्हते असे म्हणणाऱ्यांनी पुढचे अध्याय वाचावेत.

आतड्यातून मूत्राशयाकडे जाणाऱ्या नाड्या नाहीत हे खरे. पण आतडे आणि लघवी यांचा रक्तामार्फत येणारा संबंध विसाव्या शतकात नीट उलगडला. लहान आतड्याचा शेवटचा मोठा भाग काढून टाकलेल्या रोग्यांमध्ये काही काळाने मूत्रपिंडात खडे होऊ लागतात, असे दिसून आले. न पचलेली चरबी आतड्यातील कॅल्शियमला धरून ठेवते. मग एरवी कॅल्शियमशी बांधले जाऊन शौचावाटे जाणारे ऑक्झॅलेट मोकळे राहते, मोठ्या आतड्यातून रक्तात शिरते आणि लघवीत उतरून खडा बनते. यात सुश्रुताला श्रेय देण्याचा मोह टाळलाच पाहिजे. त्याच्या नाड्यांचा आणि या रसायनाचा काही संबंध नाही. इतकेच, की शेजार खरा होता. ये-जा कोणत्या वाटेने चालते, ते कळावयाचे होते.

आता शस्त्राकडे वळू. चिकित्सास्थानाच्या चौदाव्या अध्यायात उदररोगांवरील उपचार आहेत. आतडे अडल्याने होणारे बद्धगुदोदर आणि आतड्याला भोक पडल्याने होणारे परिस्रावी उदर, या दोहोंत पोट उघडावे असे तो सांगतो. नाभीच्या खाली, डाव्या बाजूस, मधल्या रोमराजीपासून चार अंगुळे सोडून छेद घ्यावा. चार अंगुळे आतडे बाहेर काढून तपासावे. खडा, केस किंवा साचलेला मळ दूर करावा. मध व तूप लावून आतडे होते त्या जागी ठेवावे आणि बाहेरचा व्रण शिवावा. आतड्याला भोक असेल तर त्याच्या कडा जुळवून त्यांवर काळ्या मुंग्या चाववाव्यात आणि त्यांची धडे कापून डोकी तशीच ठेवावीत. मुंग्यांच्या डोक्यांचा हा टाका ऐकून श्रोत्यांना नवल वाटेल; परंतु आतड्यात राहून आपोआप नाहीसा होणारा टाका हवा, ही गरज त्यामागे दिसते. त्यानंतर रोग्याला वारा नसलेल्या घरात ठेवावे, तेलाच्या किंवा तुपाच्या द्रोणीत बसवावे आणि केवळ दुधावर राखावे.

याच अध्यायात जलोदराचे पाणी काढण्याची रीत आहे, आणि या विषयाच्या दृष्टीने ती सर्वांत मोलाची. डाव्या बाजूस नाभीखाली वेध घेऊन नळीने पाणी काढावे. पण एका दिवसात सर्व काढू नये. तसे केल्यास तहान, ज्वर, अंग मोडणे, अतिसार, दमा आणि पायांची आग असे विकार उद्भवतात, किंवा पोट पुन्हा वेगाने भरते. म्हणून तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या, बाराव्या किंवा सोळाव्या दिवसाच्या अंतराने थोडे थोडे काढावे, आणि पाणी निघाल्यावर पोट लोकरीच्या अथवा रेशमी वस्त्राने किंवा चामड्याने आवळून बांधावे. मग सहा महिने दुधाचा किंवा जांगल मांसरसाचा आहार, तीन महिने अर्धे पाणी घातलेले दूध, उरलेले तीन महिने हलके अन्न. असा वर्षाचा क्रम दिला आहे.

आज या सावधगिरीचे कारण सांगता येते. पोटातील पाणी एकदम उतरले की रक्तवाहिन्या सैलावतात, रक्ताभिसरणातील उपयोगी द्रव कमी पडतो आणि मूत्रपिंडे काम थांबवू लागतात. म्हणून पाच लिटरहून अधिक पाणी एका वेळी काढावयाचे असेल तर काढलेल्या प्रत्येक लिटरमागे सहा ते आठ ग्रॅम अल्ब्युमिन शिरेतून देण्याची पद्धत आहे. काशीच्या वैद्याजवळ अल्ब्युमिन नव्हते. त्याच्याजवळ दिवस होते. मूत्रपिंडाचे कार्य त्याला ठाऊक नव्हते, तरी घाई केलेला रोगी कसा मरतो हे त्याने पाहिले होते. किती रोगी पाहून हे वाक्य लिहिले गेले असेल, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

भगंदराच्या अध्यायात हाच सूर आणखी स्पष्ट होतो. शतपोनक नावाच्या भगंदरात गुदाभोवती चाळणीसारखी अनेक तोंडे पडतात, आणि उपेक्षा झाली तर त्यांतून वायू, मूत्र, मळ आणि शुक्रही बाहेर पडू लागते, असे निदानस्थान सांगते. म्हणजे आतड्याचा व्रण मूत्रमार्गापर्यंत पोहोचला. चिकित्सास्थानाचा आठवा अध्याय त्याहून पुढे जातो आणि वैद्याच्या हातून होणारी चूक नोंदवितो. एकमेकींशी न जोडलेल्या नाड्या जो एकाच छेदात कापतो, तो रोग्याच्या गुदाशी मोठा उघडा व्रण करून ठेवतो. मग मळ आणि मूत्र त्या वाटेने जाऊ लागतात, पोटात गुडगुड होते, गुदात तीव्र वेदना उठतात. अशा स्थितीत शास्त्र जाणणारा वैद्यही गोंधळून जातो, असे ग्रंथकार निःसंकोच म्हणतो. आतड्याच्या भागावरील शस्त्रक्रियेनंतर मूत्रमार्गात होणाऱ्या बिघाडाची ही आपल्याकडील फार जुनी नोंद म्हटली पाहिजे. उपाय म्हणून तो एक एक नाडी वेगळी घ्यावयास आणि पहिला व्रण भरल्यावर दुसरीला हात लावावयास सांगतो.

उलट दिशेची वाट, म्हणजे मूत्राशयाकडे गुदातून जाणे, चिकित्सास्थानाच्या सातव्या अध्यायात आहे. मूतखडा काढण्यासाठी रोग्याला गुडघाभर उंच फळीवर, दुसऱ्या एका बलवान माणसाच्या मांडीत उताणे ठेवावे आणि पाय दुमडून बांधावेत. नखे काढलेली, तेल लावलेली डाव्या हाताची दोन बोटे गुदात घालून खडा गुद व शिश्न यांच्या मधल्या जागेत आणावा, आणि सेवनीच्या डाव्या बाजूस, तिच्यापासून जवाएवढे अंतर सोडून, खड्याच्या मापाने छेद घ्यावा. रोमन लेखक सेल्सस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात जवळजवळ हीच कृती लिहिली आहे. मात्र तिला नऊ ते चौदा वर्षांच्या वयाची मर्यादा घातली आहे. ग्रीक वैद्यांच्या प्रसिद्ध शपथेत तर खड्यासाठी शस्त्र धरणार नाही, ते काम करणाऱ्यांवर सोपवीन, असे वचन आहे. काशीने ते काम शिष्यालाच शिकविले. सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात चिखलाने व पाण्याने भरलेल्या चामड्याच्या पिशव्यांवर आणि जनावरांच्या मूत्राशयांवर छेदाचा सराव करावयास सांगितले आहे, तो याच दिवसासाठी.

आणि मग येते आठ जागांची यादी. मूत्र वाहणारी वाट, शुक्र वाहणारी वाट, वृषणांचे स्रोत, मूत्राचा बहिर्मार्ग, सेवनी, योनी, गुद आणि बस्ती. या आठांना जो जाणत नाही तो पुष्कळांचे प्राण घेतो. प्रत्येक जागेपुढे तिच्या इजेचे फळ लिहिले आहे. मूत्रवाही मार्ग तुटला तर बस्ती भरून मृत्यू; मूत्राच्या बहिर्मार्गाला इजा झाली तर लघवी सतत गळते. स्त्रियांच्या बाबतीत गर्भाशय मूत्राशयाला लागून असल्याने छेदाची दिशाच बदलावी, नाही तर लघवी झिरपणारा व्रण कायमचा मागे लागतो. बस्ती एका बाजूने फाटली तर असा व्रण होतो, पण यत्न केल्यास भरतो. दोन्ही बाजूंनी फाटली तर रोगी वाचत नाही. छेदानंतर मूत्राशयात रक्त साचू नये म्हणून कोमट पाण्याच्या द्रोणीत बसवावे. साचलेच तर नळीवाटे वड, पिंपळ अशा चिकाळ झाडांचा काढा सोडून धुवून काढावे. सात दिवसांत लघवी आपल्या मूळ वाटेने न आली तर व्रणाला अग्नीने डाग द्यावा. वर्षभर डोंगर, झाड, घोडा, हत्ती, रथ यांवर चढू नये, पोहू नये. पुढील हजारांवर वर्षांत पोथ्या नकलणाऱ्यांनी ही यादी टिकविली, पण ती वापरणारे हात विरळ झाले.

या अध्यायात एक वाक्य राज्यकारभाराशी निगडित आहे. शस्त्र न चालविल्यास मृत्यू ठरलेला, चालविल्यास संशय. म्हणून धन्याची, म्हणजे अधिकार असणाऱ्याची, अनुज्ञा घेऊन मगच हे कर्म करावे. कौटिल्याचे अर्थशास्त्र हीच गोष्ट दंडाच्या भाषेत सांगते. प्राणाला धोका असलेला उपचार न कळविता केला आणि रोगी दगावला, तर वैद्याला सर्वांत कनिष्ठ श्रेणीचा साहसदंड. कर्मातील चुकीने दगावला तर मध्यम. एका बाजूला वैद्याचे शास्त्र आणि दुसऱ्या बाजूला राजाचा कायदा, दोघेही एकाच जागी येऊन थांबतात : आधी सांगा. संमतीच्या ज्या कागदावर आज नातेवाईक थरथरत्या हाताने सही करतात, त्यावर लघवी तुंबणे, मूत्रपिंडे निकामी होणे, मूत्रवाहिनीला इजा होणे ही नावे छापलेली असतात. पुष्कळदा ती वाचली जात नाहीत. ती मोठ्याने वाचून दाखविणारा डॉक्टर अर्थशास्त्राला आवडला असता.

उत्तरतंत्राच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात मूत्राघाताचे बारा प्रकार आहेत. त्यांतील वातबस्ती आणि मूत्रजठर यांत लघवी आहे पण अडली आहे. मूत्रजठरात ती बेंबीखालचे पोट फुगविते आणि तीव्र वेदना देते. मूत्रक्षय मात्र वेगळा. शरीर रुक्ष झालेल्या, थकलेल्या माणसात बस्तीतील पित्त आणि वात मूत्राचाच क्षय करतात, दाह आणि वेदना होतात. अडलेली लघवी आणि न बनणारी लघवी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे येथे ओळखले आहे. कारण चुकीचे दिले. भेद बरोबर केला. खाटेशी उभ्या असलेल्या आजच्या वैद्याचा पहिला प्रश्न हाच असतो, हे वर आलेच आहे.

ही विद्या छापील ग्रंथाच्या रूपाने परत आली. मधुसूदन गुप्त यांची आवृत्ती कलकत्त्यास १८३५-३६ मध्ये निघाली. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी डल्हणाच्या टीकेसह केलेली आवृत्ती १९१५ मध्ये बाहेर पडली आणि पुढे तिची संस्करणे होत गेली. काशीत १९१६ मध्ये हिंदू विश्वविद्यालय स्थापन झाले. तेथील आयुर्वेदाच्या अध्यापकवर्गात भास्कर गोविंद घाणेकर हे मराठी पंडित होते; सुश्रुताच्या शारीरस्थानावर त्यांनी हिंदीत लिहिलेली टीका जुने वचन आणि नवे शारीरशास्त्र समोरासमोर ठेवते. १९६० मध्ये विश्वविद्यालयात डॉ. के. एन. उडुपा यांच्या नेतृत्वाखाली वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, आणि १९७१ मध्ये त्याचे वैद्यकीय विज्ञान संस्थेत रूपांतर झाले. जुने शल्यतंत्र आणि नवे शस्त्रवैद्यक तेथे एका आवारात आले.

त्या आवारात प्रा. पी. जे. देशपांडे यांनी भगंदराचा अध्याय पुन्हा हाती घेतला. चिकित्सास्थानाच्या सतराव्या अध्यायात कृश, दुर्बळ, भित्र्या रोग्यांसाठी आणि मर्मावर असलेल्या नाडीसाठी शस्त्राऐवजी क्षारसूत्र सांगितले आहे. सुईने सूत्र नाडीतून ओवून गाठ द्यावयाची. क्षार हळूहळू मांस कापतो आणि मागून व्रण भरत येतो. चक्रदत्ताने अकराव्या शतकात निवडुंगाच्या चिकात व हळदीत भिजवलेल्या दोऱ्याचा उल्लेख केला होता. देशपांडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० नंतरच्या दशकात या दोऱ्याचे माप ठरवून दिले : तागाच्या धाग्यावर निवडुंगाच्या चिकाचे अकरा लेप, चीक आणि आघाड्याच्या क्षाराचे सात, चीक आणि हळदीचे तीन, असे एकूण एकवीस. प्रत्येक लेप वाळल्यावरच दुसरा. १९७३ मध्ये अमेरिकेतील गुदरोगांच्या नियतकालिकात त्यांनी दोनशे रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला.

गुदाजवळील शस्त्रक्रियेनंतर लघवी तुंबणे ही नित्याची तक्रार आहे. वेदनेने श्रोणीतळाचे स्नायू आखडतात, पाठीच्या मणक्यातून दिलेल्या भुलीने मूत्राशय बधिर राहतो, आणि रोगी रात्रभर तळमळतो. मोठ्या उघड्या व्रणाने गुदाचे आवळणारे स्नायू दुबळे होतात, ती गोष्ट वेगळीच. सूत्राची पद्धत या दोन्ही संकटांना वळसा घालण्याचा प्रयत्न करते, कारण ती एका दिवसात फार कापत नाही. पाण्याच्या बाबतीत जे धोरण चौदाव्या अध्यायात होते, तेच येथे मांसाच्या बाबतीत आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने अनेक केंद्रांत या पद्धतीची शस्त्रक्रियेशी तुलना केली आणि १९९१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सूत्राने उपचार झालेले २६५ रोगी, शस्त्राने झालेले २३७. सूत्राला व्रण भरण्यास आठ आठवडे लागले, शस्त्राला चार. परंतु भगंदर पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण सूत्रानंतर शेकडा चार होते आणि शस्त्रानंतर शेकडा अकरा. घाई असलेल्याने शस्त्र निवडावे, असे कोणी म्हटल्यास त्याला दोष देता येणार नाही.

सूत्र आठवड्यातून एकदा बदलतात. जुन्याच्या टोकाला नवे बांधून ओढून घेतात, जुने बाहेर आले की त्याची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजतात आणि रोग्याच्या कागदावर मागच्या आठवड्याच्या आकड्याखाली लिहितात. आकडा दर वेळी थोडा कमी होत जातो. मग रोगी उठतो आणि पुढच्या आठवड्याचा वार विचारून चालत घरी जातो.